हे लक्ष्मण म्हणाले नव्हते

चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाभोवती उरलेले चार पांढरे केस, नाकावर चष्मा. शेजारी दोन पुढारी. खाली शिवसेनेच्या फुटीवरचा विनोद आणि कोपऱ्यात आर. के. लक्ष्मण यांची सही. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरांत असली चित्रं हल्ली सुप्रभातच्या फुलांबरोबर फोनवर येऊन पडतात आणि हसून पुढे ढकलली जातात. शिवसेना फुटली जून २०२२ मध्ये. लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात वारले. एवढा हिशेब कुणी करत नाही, कारण चित्र खरोखरच लक्ष्मणांचं असतं. बदललेल्या असतात फक्त खालच्या दोन ओळी.

व्यंगचित्रांच्या चोरीतला हा प्रकार जुन्या चोरीपेक्षा वाईट आहे. जुना चोर सही कापायचा. नवा चोर सही मुद्दाम ठेवतो आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी स्वतःचा विनोद घालतो. तो विनोदही बहुधा बेताचाच. १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त उभा राहिलेला कॉमन मॅन कधी बोलला नाही. बोलायचे ते मंत्री, सचिव, कंत्राटदार आणि कधी त्याची बायको. तो फक्त बघायचा. लक्ष्मणांच्या विनोदाचं सगळं यंत्र त्या न बोलण्यावर चालायचं. फोनवरच्या या चित्रांत तो घडाघडा बोलतो, टोमणे मारतो, कधी कधी घोषणासुद्धा देतो. कॉपीराइटचा भंग नंतरचा, आधी विनोदाचाच खून पडलेला असतो.

यावर हमखास मिळणारं उत्तर असं, की ‘अहो, गंमत आहे, विडंबन आहे.’ मराठी व्यंगचित्रकलेचा आजचा खरा प्रश्न या उत्तरात आहे. विडंबन ही या कलेची सगळ्यात श्रीमंत शाखा आणि आज तिच्याच नावावर सगळ्यात दरिद्री कारागिरी खपवली जाते.

विडंबनाशिवाय भारतीय व्यंगचित्रकला जन्मलीच नसती. लंडनच्या ‘पंच’चं नावच उचलून मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघालं. पुढे त्याचं ‘हिंदी पंच’ झालं आणि ठाण्याहून मराठीत ‘हिंदुपंच’ निघालं. आजच्या काटेकोर वकिलाला ही उघड उचलेगिरी वाटेल. पण ‘हिंदी पंच’ने इंग्रजी चित्रांचे साचे घेऊन त्यांत पुराणातले देव, राक्षस आणि गोरे साहेब एकत्र बसवले. साहेबाचंच हत्यार साहेबाकडे वळवलं. मूळ चित्र ठाऊक असलेल्या वाचकाला तो फिरवलेला हात दिसत होता आणि हसू तिथूनच येत होतं.

अशा फिरवण्याला कायम हाताशी असणारी चित्रं म्हणून जॉन टेनिएलचं मार्च १८९० मधलं जहाजाच्या शिडीवरून उतरणाऱ्या बिस्मार्कचं चित्र घ्या, किंवा सप्टेंबर १९३९ मधलं डेव्हिड लो यांचं ‘राँदेव्हू’. पोलंडच्या प्रेतावरून हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून एकमेकांना अदबीने वाकून नमस्कार करतात. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जगातल्या किती जोड्या या चित्रात वाकवल्या गेल्या, त्याची गणती नाही. महाराष्ट्रात तर २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटेच्या शपथविधीपासून या चित्रासाठी माणसांची कधीच वाण पडलेली नाही. अशा विडंबनात चित्रकाराची परीक्षा तीन ठिकाणी होते. मूळ चित्र चटकन ओळखू आलं पाहिजे. ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रेषेत पुन्हा काढलेलं असलं पाहिजे. आणि नव्या माणसांना त्या जुन्या वाकण्याचा काही अर्थ असला पाहिजे. लो यांच्या चित्रात दोघांच्या मधे प्रेत आहे. ते प्रेत काढून नुसते दोन पुढारी वाकवले, तर हाती फक्त स्वागत समारंभ राहतो. मधे कोण पडलंय हे ज्याला सुचतं, तो विडंबनकार. बाकीचे छायाप्रती काढणारे.

लो यांची गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. बाळासाहेब ठाकरे आणि लक्ष्मण ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये बरोबर काम करत होते आणि दोघांवरही लो यांची छाप होती. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ निघालं तेव्हा त्याच्या पानापानात ती जाणवत होती. म्हणून कुणी ठाकऱ्यांना चोर म्हटलं नाही आणि म्हणायचं कारणही नव्हतं. ठाकऱ्यांची आणि लक्ष्मणांची रेषा सही झाकूनही हातभर अंतरावरून वेगळी ओळखू येते. कल्पनेवर, विषयावर, मांडणीच्या सूत्रावर कॉपीराइट नसतो. तो असतो त्यांच्या प्रत्यक्ष आविष्कारावर. आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे सांगितलं. कसदार चित्रकार गुरूकडून नजर घेतो, हात स्वतःचा ठेवतो.

कायद्याचा हा भेद समजून घ्यायला शि. द. फडणीसांसारखा दुसरा शिक्षक नाही. ‘मोहिनी’च्या १९५२च्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी एका तरुणीच्या साडीवर मांजरं काढली आणि जवळच्या तरुणाच्या शर्टावर उंदीर. शब्द एकही नाही. मांजराची साडी आणि उंदराचा शर्ट ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. उद्या कुणी नागाचं पातळ आणि बेडकाचा सदरा काढला, तर त्याला कोर्टात खेचता येणार नाही, लाज मात्र जरूर वाटावी. पण ती मांजरं, ती गोल नितळ रेषा, त्या दोघांच्या अंगातला तो अवघडलेपणा हे फडणीसांचंच. शिवाय ओळ बदलून त्यांचं चित्र ढापता येत नाही, कारण खाली ओळच नाही. लक्ष्मणांची जी विटंबना होते ती फडणीसांची त्या रीतीने होऊच शकत नाही. त्यांच्या वाट्याला मग जुनी चोरी येते. चित्र सबंध, सही गायब.

वसंत सरवट्यांनी आयुष्यभर व्यंगचित्रकाराला रेषालेखक मानलं आणि ‘संवाद रेषालेखकाशी’ हे पुस्तकही लिहिलं. लेखकाचा परिच्छेद नाव न घालता छापला तर संपादकाला पत्रांचा मारा सोसावा लागतो. रेषालेखकाच्या वाट्याला असे भांडणारे वाचक क्वचितच येतात.

बाकीच्या उद्योगांवर फार शब्द खर्चायची गरज नाही. मार्च २०२५ मध्ये सगळा देश आपले लग्नाचे फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत यंत्राकडून रंगवून घेत होता. त्यात विनोद नव्हता आणि चित्रकलाही नव्हती. सिनेमातल्या चेहऱ्यांवर ओळी चिकटवणारी मीम हा गप्पांचा प्रकार आहे, तो गप्पांतच ठेवावा. चित्रकथेतल्या नागराजच्या धर्तीवर नागेश काढणाऱ्या प्रकाशकाला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रोखलं, ते योग्यच होतं.

विडंबनाच्या बाबतीत मात्र आपला कायदा तोंडात गुळणी धरून बसला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचं वृत्त यांसाठी सवलत आहे. विडंबनाचा नावानिशी उल्लेख नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन यांच्या खटल्यात वाट काढली. तोप्पिल भासींच्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकाला चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं होतं आणि त्यात मूळ नाटकातले प्रसंग, पात्रं भरपूर घेतली होती. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ कृतीच्या धंद्याशी स्पर्धा होते का, हे न्यायालयाने तपासलं आणि उद्देश टीकेचा आहे म्हणून नाटकाला परवानगी दिली. युरोपच्या न्यायालयासमोर २०१४ मध्ये नेमकी चित्रकथेचीच भानगड आली. बेल्जियमच्या एका राजकीय पक्षाने ‘सुस्के एन विस्के’ या लोकप्रिय मालिकेतलं मुखपृष्ठ फिरवून गेंटच्या महापौराची खिल्ली उडवली होती. न्यायालय म्हणालं, विडंबनाने मूळ कृतीची आठवण करून द्यावी, तिच्यापासून स्पष्ट वेगळं दिसावं आणि त्यात विनोद किंवा उपहास असावा. पण त्याच चित्रातून वंशद्वेष पसरत असेल, तर आपलं नाव त्याला चिकटू नये असं म्हणायचा हक्क मूळ मालकालाही आहे. त्याच वर्षी ब्रिटनने विडंबनाची सवलत थेट कायद्यात लिहिली. आपल्याकडे केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ येऊन शंभर वर्षं होऊन गेली, तरी कलम ५२ला विडंबनाचा पत्ता नाही.

ही पोकळी निरुपद्रवी नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. मे २०२२ मध्ये निट प्रोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे लो यांचं चित्र फिरवून कुणाला वाकवणाऱ्या पोराच्या दारात वॉरंटशिवाय पोलीस येऊ शकतो, आणि चंद्रन खटल्याची नजीर त्याला वकील मिळाल्यावर उपयोगी पडेल. निदान लो यांच्यापुरती थोडी सुटका आहे. ते १९६३ मध्ये वारले, तेव्हा आपल्या कलम २२च्या साठ वर्षांच्या हिशेबाने ते २०२४ पासून मोकळे झाले. लक्ष्मण २०७५ संपेपर्यंत मोकळे नाहीत.

सत्तेला तर कॉपीराइटची गरजही पडत नाही. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूरचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांनी ममता बॅनर्जींवरचं एक चित्र पुढे पाठवलं. ते सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’वर बेतलेलं होतं. अटक झाली ती माहिती तंत्रज्ञान कायद्यात. त्या कायद्याचं कलम ६६ अ २०१५ मध्ये रद्द झालं, तरी प्राध्यापक सुटले जानेवारी २०२३ मध्ये. त्या चित्रात राय यांच्या हक्काचा प्रश्न होता की नव्हता, हे विचारायची त्या पोलिसांना गरज वाटली नाही. विनोद झोंबला की कलम सापडतं. चित्रकार लुबाडला गेला की ते सापडत नाही.

आणि लुबाडतं कोण? फोन पुढे ढकलणाऱ्या काका-मावशींवर खापर फोडणं सोपं आहे. खरे गुन्हेगार छापणारे आहेत. गणेशोत्सवाची स्मरणिका, कौटुंबिक मासिक, संस्थेचा वार्षिक अंक. पान अर्धं रिकामं राहिलं की गुगलवरून एक व्यंगचित्र उतरवायचं, सही कापायची आणि खाली ‘सोशल मीडियावरून साभार’ असं टाकायचं. आभार कुणाचे? सोशल मीडियाने कुंचला हातात धरला होता का? कथेला मानधन, कवितेला निदान अंक, जाहिरातदाराला पूर्ण पान, आणि ज्याच्यामुळे वाचक अंक उघडतो त्या चित्रकाराला नावसुद्धा नाही.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. पगारी चित्रकाराने वृत्तपत्रासाठी काढलेल्या चित्रावर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता असतो. बाकी सगळा हक्क चित्रकाराचा. कलम १७ तसं सांगतं. स्वतंत्र चित्रकाराने आपणहून काढलेल्या चित्राचा हक्क तर लेखी करार केल्याशिवाय कुणाकडे जात नाही. मल्याळम व्यंगचित्रकार टॉम्स यांनी ‘मलयाळ मनोरमा’ सोडल्यावर आपली बोबन आणि मोली ही पोरं दुसऱ्या नियतकालिकात काढायला घेतली, तेव्हा ‘मनोरमा’ कोर्टात गेलं. १९८८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्यांचा हात मोकळा केला. आपल्या मुलांना जन्म देणारा ती सोबत नेऊ शकतो. मराठीत १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू पुढे ‘लोकसत्ता’तही गेला. वाचकाला चिंटू हवा होता, त्याचा पत्ता नव्हे. आणि चित्रासाठी पैसे मोजायला वाचक तयार नसतो, हा बहाणा गोव्यातल्या मारिओ गॅलरीत जाऊन सांगून बघावा. तिथे मारिओ मिरांडांचे मग, फरशा, चित्रं लोक रीतसर पैसे मोजून नेतात.

कलम ५७चं नाव या संपादकांनी ऐकलेलंच नसतं. चित्रकाराने हक्क विकले, तरी आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपल्या चित्राची मोडतोड रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो, आणि त्याच्या मागे वारसांकडे जातो. लक्ष्मणांच्या चित्राखाली स्वतःची ओळ घालून त्यांची सही ठेवणारा या कलमाचा गुन्हेगार आहे. त्याला विडंबनकार म्हणणं हा विडंबनाचा अपमान आहे. अत्र्यांनी रविकिरण मंडळाची टर उडवली ती केशवकुमार होऊन. माधव ज्यूलियनांच्या नावाने त्यांनी कविता छापल्या नाहीत.

रायपूरला हे सगळं बाहेरून शिकायची वेळ यावी, हे विशेष खेदाचं. या गावाला कर्मभूमी मानणाऱ्या माधवराव सप्र्यांनी टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. त्यावर लेखक टिळक आणि अनुवादक सप्रे अशी दोन नावं आहेत, कुणी कुणाला गिळलेलं नाही. याच गावातून त्र्यंबक शर्मा १९९६ पासून ‘कार्टून वॉच’ हे निव्वळ व्यंगचित्रांचं हिंदी मासिक काढतात. मराठीच्या बालेकिल्ल्यांना जे जमवता आलं नाही, ते छत्तीसगडमध्ये चालू आहे.

तेव्हा यंदाची स्मरणिका जुळवणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती. व्यंगचित्र हवं असेल तर चित्रकाराला किंवा त्याच्या घरच्यांना फोन करा, दोन ओळींची लेखी परवानगी घ्या, चित्राखाली नाव छापा, मानधन नि अंक पाठवा. परवानगी मिळाली नाही, तर खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात चित्रकला शिकणारी मुलं दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याला लो यांचं ते चित्र दाखवा आणि गावातले हवे ते दोघे वाकवायला सांगा. सही त्याची त्याला करू द्या.