तहातील राणी आणि नाटकातील राणी

शिलरचे ‘डॉन कार्लोस’ (१७८७) हे राजसत्ता आणि विचारस्वातंत्र्य यांच्या संघर्षाचे नाटक म्हणून वाचले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु या संघर्षाच्या मधोमध उभी असलेली स्पेनची राणी एलिझाबेथ बहुतेकांच्या स्मरणात राहते, ती सावत्र मुलाची प्रेयसी म्हणून. या स्त्रीवर काळाने केलेला अन्याय नाटकाने दूर केला, की त्यात भर घातली, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

एलिझाबेथ ही फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीची कन्या. तिचे नाव आधी समवयस्क राजपुत्र कार्लोसशी जोडले गेले होते. पण १५५८ मध्ये दुसऱ्या फिलिपची पत्नी, इंग्लंडची राणी मेरी, वारली आणि १५५९ च्या कातो-कांब्रेसी तहात वर बदलला. मुलाऐवजी बाप आला. वधू चौदा वर्षांची, वर बत्तीस. पॅरिसमधील विवाहविधीत वराच्या जागी आल्बाचा ड्यूक उभा होता. त्याच सोहळ्यातील भालायुद्धात जखमी होऊन तिचे वडील गेले. शांततेची किंमत तिने माहेरीच मोजावयास आरंभ केला.

सें-रेआलच्या १६७२ च्या कादंबरिकेतून शिलरने या प्रेमकथेचे बीज उचलले. त्याची एलिझाबेथ दुबळी मुळीच नाही. कार्लोसने आपल्यावरील प्रेम प्रजेकडे वळवावे, असे ती त्याला बजावते. हा प्रसंग नाटकाचे वैभव होय. तरीही तिला स्वतःचे असे ध्येय नाही. मार्क्विस पोसा तिच्यामार्फत कार्लोसला बंडासाठी फ्लँडर्सकडे पाठवू पाहतो. तहाने तिला शांततेसाठी वापरले, तर नाटकाने स्वातंत्र्यासाठी. वापर मात्र सुटला नाही.

इतिहासातील एलिझाबेथ याहून समृद्ध होती. ती सोफोनिस्बा आंगिस्सोला या चित्रकर्तीकडून चित्रकला शिकली. १५६५ मध्ये बायॉन येथे आई कॅथरिन द मेदिची हिला ती भेटली, ती स्पेनची प्रतिनिधी म्हणून. माहेर आणि सासर यांच्या सीमेवर, आईसमोर सासरची बाजू मांडणारी ही वीस वर्षांची लेक! यात नाट्य थोडे आहे काय?

नाटकातील फिलिप पोटच्या मुलीच्या जन्माविषयीही संशय घेतो. प्रत्यक्षातील फिलिपने पुढे पोर्तुगालहून एलिझाबेथच्या दोन्ही मुलींना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत आणि ती वत्सल बापाची आहेत. येथे खलपुरुष सापडत नाही, आणि म्हणूनच ही शोकांतिका अधिक खोल आहे. जुलै १५६८ मध्ये कार्लोस बापाच्या कैदेत वारला. ऑक्टोबरमध्ये एलिझाबेथ गर्भपातानंतर गेली, अवघ्या तेविसाव्या वर्षी. १५७० मध्ये फिलिपने आपली भाची ॲना हिच्याशी विवाह केला. तिचेही नाव पूर्वी कार्लोससाठीच सुचविले गेले होते!

ऐतिहासिक ललितकृतीत कल्पनेला किती मुभा असावी, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. शिलरने घटना बदलल्या, याबद्दल तक्रार नाही. तो कवीचा अधिकार आहे. तक्रार इतकीच की, राणीचे दुःख मोठे ठरविण्यासाठी त्याला एका प्रियकराची गरज भासली. प्रेमभंगावाचूनही ते दुःख पुरेसे होते.