बोरघाटाचा खेळ-नकाशा : निकषांचा पुनर्विचार

व्हिडिओ गेममधील भूमी खेळणाऱ्यानेच रचावी, ही कल्पना नवी नव्हे. १९८३ च्या ‘लोड रनर’ या खेळासोबतच नवे टप्पे रचण्याचे साधन दिलेले होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’मध्ये मूळचे सहा लोहमार्ग यूरोप, अमेरिका व जपान येथील होते, भारतातील एकही नव्हता. सोबतच्या ‘रूट एडिटर’च्या आधारे भारतीय रेल्वेप्रेमींनी ही उणीव स्वतः भरून काढली, आणि पुढे ‘ओपन रेल्स’ या मुक्त प्रणालीने ती परंपरा जिवंत ठेवली. अशा नकाशांची पारख बहुधा ‘स्थळ हुबेहूब साधले आहे काय’ या एकाच प्रश्नाने होते. हा निकष अपुरा आहे, हे कर्जत-लोणावळा घाटमार्गाच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

भाषाभाषांतील खरा भेद, काय सांगता येते यापेक्षा काय सांगावेच लागते यात असतो, असे रोमान याकोबसन यांनी १९५९ साली प्रतिपादिले. हे तत्त्व एडिटरलाही लागू पडते. या एडिटरमध्ये भूमीचे २०४८ मीटर बाजूचे चौरस असतात आणि दर ८ मीटरांवरील बिंदूला एक उंची द्यावीच लागते. २००० सालच्या अंतराळयान-रडार मोजणीची भारताविषयीची सामग्री दीर्घकाळ सुमारे ९० मीटर अंतराच्या बिंदूंचीच उपलब्ध होती. मधले बिंदू अनुमानाने भरावे लागत. परिणामी तुटलेला कडा गुळगुळीत उतार होतो. कडा, सोंड, खिंड, घळ असे भेद मराठी बोलणारा सहज करतो; एडिटर त्या सर्वांचे रूपांतर केवळ संख्येत करतो.

याहून मूलगामी अडचण बोगद्याची आहे. एका बिंदूला एकच उंची असल्यामुळे डोंगर आणि त्याच्या पोटातील पोकळी ही दोन्ही एकाच ठिकाणी व्यक्त होत नाहीत. रचनाकाराला जमिनीचे काही चौकोन अदृश्य करून तेथे बोगद्याची तयार वस्तू बसवावी लागते. १८६३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या मार्गावर मुळात २५ बोगदे होते. म्हणजे घाटाचे जे वैशिष्ट्य, तेच या व्याकरणात अपवाद ठरते. शिवाय या व्याकरणाला काळ नाही. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटविणारे स्थानक १९२९ मध्ये बंद झाले. ते दाखवावयाचे तर निराळा नकाशाच रचावा लागेल.

मार्गाच्या दुतर्फा काय उभे राहते, हे वस्तुसंग्रहावर अवलंबून असते. कर्जतला लागून असलेली दहिवली मूळच्या संग्रहातील घरांनी वसविली, तर ती कोणत्याही देशातील वस्ती होऊ शकेल. कौलारू घर, भातखाचर व त्याचा बांध या वस्तू रचनाकाराने स्वतः घडवाव्या लागतात. नावाचेही तसेच. महसुली दप्तरात ‘दहिवली तर्फे नीड’ व ‘दहिवली तर्फे वरेडी’ अशी दोन गावे आहेत. ‘तर्फे’ या पदात जुन्या महसुली विभागणीची स्मृती आहे. नकाशावरील नुसती ‘दहिवली’ हा भेद पुसून टाकते. परका संग्रह वापरणाऱ्या परक्याने हे केले तर ते अज्ञान म्हणता येईल. स्थानिकाने केले तर ती आपल्याच परिसराविषयीची अनास्था होय.

तथापि कौलांची गणना म्हणजे समीक्षा नव्हे. या घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट आहे. १००० टनांच्या गाडीला तेथे केवळ चढामुळे सुमारे २७ टन भाराइतका विरोध होतो. म्हणूनच कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने, ‘बँकर’, जोडली जातात. उतारावर बेताल झालेली गाडी चढाकडे वळवून थोपविणारे फाटेही याच कारणास्तव आहेत. एडिटरमध्ये रूळ आणि चढ मांडता येतात. परंतु बँकर जोडण्याचे कार्य ‘ॲक्टिव्हिटी एडिटर’ या वेगळ्या साधनात रचावे लागते. सोस्यूरच्या परिभाषेत बोलावयाचे तर नकाशा ही भाषाव्यवस्था आणि प्रत्यक्ष खेळ हे भाषण होय. कर्जतला गाडी का थांबते, याचे उत्तर केवळ पहिलीत सापडत नाही.

दृश्य साधर्म्याचा पुरस्कर्ता म्हणेल की ओळख पटल्यावाचून आस्वाद संभवत नाही. हे मान्य करावयास हवे. पण ओळख डोळ्यांनीच पटते असे नाही. डोंगर ओबडधोबड असूनही ज्या नकाशात चालकाला मागच्या इंजिनाची गरज जाणवते, त्यात बोरघाट अवतरला आहे. जेथे प्रत्येक झाड जागच्या जागी असूनही गाडी विनासायास चढून जाते, तेथे घाटाचे केवळ चित्र आहे. इंग्रज अभियंत्यांना घाटवाट शिंग्रोबा धनगराने दाखविली, अशी लोकश्रुती आहे. त्या कथेतील ज्ञान भूमीच्या आकाराचे नसून ती ओलांडण्याचे आहे. खेळ-नकाशाचे मूल्यही त्याच ज्ञानाने ठरवावे.