हुडीला पडलेली भोकं

ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली अमेरिकेत मार्व्हलने ल्यूक केज हा कृष्णवर्णीय महानायक कॉमिकमध्ये उतरवला. कृष्णवर्णीय नायकांच्या मारधाडपटांची तेव्हा चलती होती. हा गडीही पैसे घेऊन कामं करायचा. २०१६ मध्ये चिओ होदारी कोकर यांनी त्याला नेटफ्लिक्सवर आणलं तेव्हा अंगात हुडी आली. फ्लोरिडातला ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा २०१२ मध्ये गोळी लागून मेला, तो हुडीतच. केजच्या हुडीची चाळण होते, अंगावर ओरखडा उमटत नाही. पोलीस त्याच्या मागावर असताना हार्लेममधले लोक मुद्दाम भोकं पाडलेल्या हुड्या घालून हिंडू लागतात. मालिकेतला सर्वांत बोलका प्रसंग हाच, आणि त्यात नायकाला बोटही उचलावं लागत नाही.

केजला शक्ती मिळते ती तुरुंगातल्या प्रयोगातून. 'ब्लॅक लायटनिंग'मध्ये (२०१८-२१) वस्तीतल्या मुलांवर गुपचूप केलेल्या लसीच्या प्रयोगातून. 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'मधल्या (२०२१) आयझाया ब्रॅडलीवर तर लष्करच औषध आजमावतं आणि वर तीस वर्षं डांबून ठेवतं. या सगळ्यांच्या मागे टस्कीगी उभं आहे. तिथे १९३२ पासून चाळीस वर्षं सरकारी आरोग्यखात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं न्याहाळलं. पेनिसिलिन हाताशी आलं तरीही. गोऱ्या महानायकाची शक्ती हे बहुधा वरदान असतं. इथे ती कुणाच्या तरी गुन्ह्याची खूण आहे, आणि या मालिकांची खरी ताकद मला त्यातच दिसते.

एचबीओच्या 'वॉचमेन'ने (२०१९) हे सर्वांत धारदारपणे केलं. मूळ कॉमिकमध्ये हूडेड जस्टिस या बुरखाधारी नायकाचा चेहरा कधी दिसतच नाही. मालिकेच्या सहाव्या भागात तो चेहरा विल रीव्ह्ज या कृष्णवर्णीय पोलिसाचा निघतो. सहकारी शिपाई त्याला बुरखा चढवून झाडाला लटकवतात आणि जीव जायच्या आत दोर कापतात. गळ्यात फास तसाच घेऊन घरी निघालेला रीव्ह्ज वाटेत लुटारूंच्या तावडीत सापडलेलं जोडपं पाहतो आणि तोच बुरखा पुन्हा डोक्यावर ओढतो. पुढे तो डोळ्यांभोवती पांढरा रंग लावू लागतो, बुरख्याच्या भोकांतून कातडी गोरी दिसावी म्हणून. जगाला रक्षणकर्ता चालतो, पण काळा नाही!

एवढं उघडं पाडल्यावर शेवट करायची वेळ येते, तिथे बहुतेक मालिका कच खातात. 'फाल्कन'मध्ये नायक सॅम विल्सनला बँकेतला माणूस ओळखतो, कौतुक करतो आणि कर्ज नाकारतो. या दोन-चार मिनिटांत जे आहे ते सॅमच्या अखेरच्या भाषणात नाही. आयझायाच्या वाट्याला काय येतं, तर संग्रहालयात पुतळा. तीस वर्षांच्या हिशेबात पुतळा स्वस्तच पडला म्हणायचा. 'वॉचमेन'ही निर्दोष नाही. पोलिसांवर संशय घेत ती कॅमेरा मात्र त्यांच्याच बाजूने ठेवते. पण भरपाईचा प्रश्न तिने टाळला नाही. १९२१ मध्ये टल्सातली ग्रीनवुड ही भरभराटीची कृष्णवर्णीय वसाहत गोऱ्या जमावाने जाळली. मालिकेतलं सरकार त्या पीडितांच्या वंशजांना करमाफी देतं. प्रत्यक्षात, त्या हत्याकांडातून वाचलेल्या, शंभरी ओलांडलेल्या दोन स्त्रियांचा भरपाईचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला.