द्वीपराष्ट्रांशी भागीदारी आणि भारताचे संरक्षण धोरण : एक चिकित्सा

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीचे नाव धारण करणारी 'आयएनएस गोदावरी' ही युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधील सशस्त्र उठाव फसल्यानंतर ओलिसांसह पळणारे 'प्रोग्रेस लाइट' हे जहाज रोखण्यात तिचा प्रमुख वाटा होता. 'ऑपरेशन कॅक्टस' या मोहिमेचे यश मात्र केवळ लष्करी सामर्थ्याचे नव्हते. राष्ट्राध्यक्ष गयूम यांची विनंती, मर्यादित उद्दिष्ट आणि कार्य संपताच सैन्याची माघारी या तीन बाबी त्यामागे होत्या.

याउलट, १९८७ च्या करारान्वये श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना उद्दिष्ट बदलल्यामुळे स्वतःच संघर्षातील एक पक्ष बनली. सुमारे १,२०० जवान गमावून ती मार्च १९९० मध्ये परतली.

२०१५ मध्ये मॉरिशस येथे मांडलेल्या 'सागर' धोरणाची कसोटीही हीच आहे. मालदीवमध्ये रुग्णांची ने-आण करणाऱ्या भारतीय विमान-हेलिकॉप्टरांवरील सैनिक २०२३ च्या निवडणुकीत प्रचाराचा मुद्दा ठरले. मे २०२४ पर्यंत त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ नेमावे लागले. सेवा स्वीकारार्ह होती, आक्षेप गणवेशाला होता.

सारांश, लहान राष्ट्राला सार्वभौमत्वाची जाणीव अधिक तीव्र असते. म्हणून शासनांमधील करारास जनतेच्या संमतीची जोड मिळाल्याशिवाय ही भागीदारी सत्तांतरानंतर टिकणार नाही.