वारसा कोणाचा? टुपाक शकूरवरील माहितीपट : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

मराठीत 'वारसा' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. कलावंताच्या पश्चात समाजाला लाभणारा सांस्कृतिक ठेवा हा एक अर्थ, तर त्याच्या मिळकतीवर कायद्याने प्राप्त होणारा हक्क हा दुसरा. व्यवहारात हे दोन्ही अर्थ आपण सहसा वेगळे ठेवतो. मात्र ज्या कलावंताचा आवाज आणि प्रतिमा हीच त्याची मिळकत असते, त्याच्याबाबतीत ते एकमेकांत मिसळतात. अमेरिकन रॅपर टुपाक शकूर (१९७१-१९९६) याच्यावरील माहितीपट पाहताना या सरमिसळीचा प्रत्यय पदोपदी येतो. प्रस्तुत लेखात निक ब्रूमफिल्ड यांचा 'बिगी अँड टुपाक' (२००२), लॉरेन लाझिन यांचा 'टुपाक : रेझरेक्शन' (२००३) आणि ॲलन ह्यूज यांची पाच भागांची मालिका 'डिअर मामा' (२०२३) या तीन कलाकृतींची चिकित्सा केली आहे. मृत कलावंताविषयी बोलण्याचा अधिकार या कलाकृती कोठून मिळवतात आणि तो प्रेक्षकांपुढे कितपत उघड करतात, हा या चिकित्सेचा मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी :

रॅप म्हणजे ठेक्यावर बोलली जाणारी यमकबद्ध रचना. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांत ज्या हिप-हॉप संस्कृतीने आकार घेतला, तिचे हे शब्दरूप होय. टुपाकचा जन्म १६ जून १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. अठराव्या शतकात पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या दुसऱ्या टुपाक अमारूचे नाव त्याला देण्यात आले. बाल्टिमोरच्या कलाशाळेत त्याने शिक्षण घेतले, १९८८ मध्ये तो कॅलिफोर्नियात आला आणि १९९१ मध्ये त्याचा पहिला अल्बम प्रकाशित झाला. ७ सप्टेंबर १९९६ रोजी लास व्हेगास येथे त्याच्यावर गोळीबार झाला व १३ सप्टेंबरला वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याचा प्रतिस्पर्धी मानला गेलेला न्यूयॉर्कचा रॅपर नटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगी याचीही ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिस येथे हत्या झाली. हे दोन्ही गुन्हे दीर्घकाळ अनुत्तरित राहिले. त्या पोकळीतच माहितीपटांचे पीक आले.

शोधकथा आणि हरवलेला माणूस :

ब्रूमफिल्ड यांची शैली परिचित आहे. दिग्दर्शक स्वतः ध्वनिग्राहक घेऊन पडद्यावर वावरतो, दारे ठोठावतो, नकार पचवतो आणि शोधाची धडपड हाच चित्रपटाचा विषय बनवतो. 'बिगी अँड टुपाक'मध्ये लॉस एंजेलिस पोलीस दलातील माजी तपास अधिकारी रसेल पूल यांच्या तर्काला मध्यवर्ती स्थान आहे. डेथ रो रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीशी लागेबांधे असलेल्या काही पोलिसांचा बिगीच्या हत्येशी संबंध असावा, असा तो तर्क. तो न्यायालयात सिद्ध झालेला नाही.

या पद्धतीचा गुण असा की माहिती कोणाकडून, कोणत्या परिस्थितीत मिळाली हे प्रेक्षकाला दिसते. साक्षीदाराची विश्वासार्हता त्याला स्वतः जोखता येते. मर्यादाही तितकीच ठळक आहे. शोधकथेला मृतदेह लागतो, माणूस लागत नाही. टुपाकने काय लिहिले, ते का लिहिले आणि त्याच्या शब्दांत लाखो तरुणांना स्वतःचे काय सापडले, हे प्रश्न तपासाच्या ओघात बाजूला पडतात. बिगीची आई व्होलेटा वॉलेस पडद्यावर येतात तेवढ्यापुरते या कथेला मानवी दुःखाचे परिमाण लाभते.

अशा चित्रणाचे परिणाम पडद्यापुरते राहत नाहीत. ड्वेन डेव्हिस याने २०१८ मध्ये 'डेथ रो क्रॉनिकल्स' या दूरचित्रवाणी मालिकेत, गोळीबार झाला तेव्हा आपण हल्लेखोरांच्या गाडीत होतो, असे सांगितले. २०१९ मध्ये त्याचे आत्मकथन आले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला टुपाकच्या हत्येच्या आरोपाखाली अटक झाली आणि अभियोग पक्षाने त्याच्या या जाहीर वक्तव्यांचाच आधार घेतला. डेव्हिसने आरोप नाकारला आहे. कॅमेऱ्यासमोर केलेले कथन हे करमणूक, फुशारकी की कबुलीजबाब, हा प्रश्न येथे थेट न्यायालयाच्या दारात जाऊन उभा राहतो. माहितीपटाकडे 'केवळ माध्यम' म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकाने या घटनेची नोंद घेणे अगत्याचे आहे.

आवाज त्याचा, क्रम दुसऱ्याचा :

'टुपाक : रेझरेक्शन' हा या परंपरेतील सर्वाधिक गाजलेला माहितीपट. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट माहितीपट विभागात त्याला नामांकन मिळाले. यात परका निवेदक नाही आणि मित्र-नातेवाइकांच्या आठवणींची मालिकाही नाही. टुपाकने वेळोवेळी दिलेल्या मुलाखतींतील वाक्ये जोडून सारे निवेदन त्याच्याच आवाजात सिद्ध केले आहे. मृत माणूस स्वतःच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतची कहाणी सांगत आहे, असा आभास त्यातून निर्माण होतो. त्याचा भावनिक परिणाम विलक्षण आहे, हे मान्य करावेच लागेल. संकलनाच्या दृष्टीनेही हे काम असामान्य कौशल्याचे आहे.

परंतु नेमक्या याच ठिकाणी चिकित्सेची गरज सर्वाधिक भासते. आत्मचरित्रकार स्वतः निवड करतो, काही सांगतो, काही दडवतो आणि त्या निवडीची जबाबदारीही स्वीकारतो. येथे आवाज टुपाकचा असला तरी निवड त्याची नाही. सतराव्या वर्षी दिलेल्या मुलाखतीतील शाळकरी मुलगा आणि कीर्तीच्या शिखरावरील चोविशीचा तारा एकाच सलग निवेदनात बोलू लागतात, तेव्हा त्या दोघांमधील अंतर पुसले जाते. प्रश्न विचारणारा अदृश्य होतो. त्यामुळे कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाला, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी दिले होते, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

टुपाकच्या बाबतीत हा तपशील गौण मानता येत नाही. १९९५ मध्ये तुरुंगातून 'व्हाइब' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने 'ठग लाइफ' ही आपली बहुचर्चित भूमिका आता संपली असल्याचे सांगितले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेथ रो कंपनीच्या साहाय्याने जामिनावर सुटल्यानंतर काही महिन्यांतच त्याच्या गीतांचा व वक्तव्यांचा सूर पूर्वीपेक्षाही आक्रमक झाला. यांपैकी खरा टुपाक कोणता, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. तारखा जवळ असतील तर निदान तो प्रश्न तरी विचारता येतो. तारखा गळून पडल्या की विसंगतीचे रूपांतर 'गुंतागुंतीचे व्यक्तिमत्त्व' या गुळगुळीत विशेषणात होते.

याहून गंभीर उदाहरण १९९३ मधील खटल्याचे आहे. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात घडलेल्या प्रकाराबाबत एका तरुणीने तक्रार केली. १ डिसेंबर १९९४ रोजी ज्युरीने टुपाकला लैंगिक अत्याचाराच्या आरोपात दोषी ठरवले, अधिक गंभीर आरोपांतून मुक्त केले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याला दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. आपण निर्दोष असल्याचे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. त्याचे हे म्हणणे नोंदवणे माहितीपटाचे कर्तव्यच आहे. परंतु जेथे कथनाची सारी सूत्रे त्याच्या आवाजाकडे सोपवलेली आहेत, तेथे तक्रारदार स्त्रीच्या बाजूला समान स्थान मिळणे रचनेमुळेच अशक्य होते. प्रथमपुरुषी निवेदनाची निवड केवळ शैलीची राहत नाही. कोणाचे ऐकायचे याचा निवाडाही तिच्यात आधीच झालेला असतो.

या माहितीपटाच्या कार्यकारी निर्मात्या टुपाकच्या आई अफेनी शकूर होत्या. त्यांनी १९९७ मध्ये 'अमारू एंटरटेन्मेंट' ही संस्था स्थापन करून मुलाच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचे प्रकाशन हाती घेतले. एमटीव्हीसह याच संस्थेच्या सहभागातून हा माहितीपट तयार झाला आणि त्याच्या गीतांचा अल्बमही तिच्याच नावावर प्रकाशित झाला. मुलाच्या निर्मितीवर आईने हक्क सांगण्यात काहीही गैर नाही. उलट कृष्णवर्णीय कलावंतांच्या शोषणाचा इतिहास पाहता ती आवश्यक बाब होती. आक्षेप वेगळा आहे. कायदेशीर वारसाने केलेली निवड येथे कलावंताचे स्वतःचे आत्मनिवेदन म्हणून सादर होते आणि निवड करणारा हात पडद्याआड राहतो.

आईची कथा, दिग्दर्शकाची कबुली :

'डिअर मामा' ही मालिका या कोंडीतून मार्ग काढण्याचा प्रयत्न करते. तिचे नाव टुपाकच्या १९९५ मधील गीतावरून घेतले आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २००९ च्या यादीत या गीताचा समावेश केला होता. मालिकेत आई व मुलगा यांच्या जीवनकथा शेजारी शेजारी उलगडतात. अफेनी या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्या. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील एकवीस पँथरांवर कटाचा खटला भरण्यात आला, त्यात त्या आरोपी होत्या. वकिलाविना, गरोदर अवस्थेत त्यांनी स्वतःचा बचाव केला आणि मे १९७१ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. पुढच्याच महिन्यात टुपाकचा जन्म झाला. या पार्श्वभूमीवर त्याचा संताप बाजारपेठेने घडवलेला आविर्भाव उरत नाही, तर पराभूत झालेल्या एका राजकीय चळवळीच्या दुसऱ्या पिढीचा उद्गार म्हणून तो समजून घेता येतो. याच ब्लॅक पँथर चळवळीपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. त्यामुळे चळवळ ओसरल्यावर तिच्या घरांत काय शिल्लक राहते, हा या मालिकेचा प्रश्न मराठी अभ्यासकाला परका वाटू नये.

दिग्दर्शकाची भूमिकाही लक्षणीय आहे. 'मेनेस टू सोसायटी' (१९९३) या चित्रपटातून वगळले गेल्यामुळे टुपाकने ह्यूज यांच्यावर हल्ला केला होता व त्याबद्दल त्याला १९९४ मध्ये पंधरा दिवसांचा तुरुंगवास घडला. ह्यूज हा प्रसंग मालिकेत टाळत नाहीत. कथन करणारा माणूस कोठे उभा आहे, त्याचे विषयाशी नाते काय, हे प्रेक्षकाला समजते. अर्थात, मालिका टुपाकच्या वारसदारांच्या सहकार्याने तयार झाल्यामुळे तिच्याही सीमा ठरलेल्या आहेत. तथापि, स्वतःची बाजू उघड करणारा कथनकार अदृश्य कथनकारापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो, हे तिने दाखवून दिले आहे.

तुलनेसाठी आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटाचा उल्लेख येथे उचित ठरेल. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचा बळी गेल्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्या घटनेपासून हा माहितीपट सुरू होतो. पटवर्धन यांनी पूर्वी 'हमारा शहर'साठी घोगरे यांचे गायन चित्रित केले होते. तरीही त्यांनी मृत शाहिराला निवेदक बनवले नाही. त्याचे गाणे गाणे म्हणूनच ऐकू येते आणि त्याच्या मृत्यूविषयी जिवंत माणसे आपापल्या नावाने बोलतात. घोगरे यांचे मौन हा माहितीपट भरून काढत नाही, आणि त्याचे गांभीर्य त्यातच आहे.

निष्कर्ष :

टुपाकला २०१७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याची गीते आणि त्याच्यावरील दृक्-श्राव्य साधने आता अभ्यासाचा विषय आहेत. अशी साधने वर्गात दाखवताना ती 'चरित्र' म्हणून नव्हे, तर दावा म्हणून दाखवली जावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रत्येक उद्गाराची तारीख, तो ऐकणारी व्यक्ती आणि त्या ध्वनिमुद्रणाचा हक्कदार यांची चौकशी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. ब्रूमफिल्ड यांच्याकडे पद्धतीचा प्रांजळपणा आहे, पण माणूस निसटतो. लाझिन यांच्याकडे माणूस जिवंत होतो, पण पद्धत दडते. ह्यूज या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी साधतात, कारण ते आपला पूर्वग्रह स्वतःच साक्षीला आणतात. कायद्याने आवाजाची मालकी वारसाकडे जाते, परंतु त्या आवाजाचा अर्थ लावण्याची जबाबदारी कोणाच्याही नावावर करून देता येत नाही. ती ऐकणाऱ्यावरच राहते.