एक नट, अनेक पात्रे : ‘एकपात्री’ या संज्ञेचा पुनर्विचार

लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातील बराचसा भाग एका आकड्यापाशी येऊन थांबतो. नट एक आणि पात्रे ५२! आकडा खराच विस्मयकारक आहे; परंतु विस्मय म्हणजे रसग्रहण नव्हे. शिवाय ज्या प्रयोगात ५२ पात्रे वावरतात त्याला ‘एकपात्री’ म्हणण्याचा प्रघात पडला, यात आपल्या नाट्यपरिभाषेची शिथिलताच दिसून येते. खऱ्या अर्थाने एकपात्री आहे ती दिवाकरांची नाट्यछटा. तिच्यात बोलणारा एकच असतो. त्याचे श्रोते वाचकाने कल्पावयाचे असतात. देशपांड्यांचा प्रयोग एकनटी आहे, एकपात्री नव्हे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. एकाच व्यक्तीने एक पात्र निभावणे आणि एकाच व्यक्तीने अनेक पात्रे निभावणे यांत प्रेक्षकाशी होणारा करारच निराळा असतो.

या कराराचे सर्वांत जुने रूप गावोगाव हिंडणाऱ्या बहुरूप्याच्या ठायी आढळते. भोकरदनसारखे गाव घ्यावे. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत येणारे भोगवर्धन ते हेच, असे विद्वान मानतात. म्हणजे परस्थ माणसे येण्याजाण्याची या गावाला दोन हजार वर्षांची सवय आहे. अशा गावी बहुरूपी पोलिसाच्या वेशात दुकानापुढे उभा राहतो, दरडावतो, दंड मागतो. दुकानदार क्षणभर बिचकतो, मग हसतो आणि खिशात हात घालतो. त्या बिचकण्यात नटाचे कौशल्य आणि त्या हसण्यात त्याचे पोट. बिचकणे हसण्यात परिणत झालेच नाही, तर तो बहुरूपी उरत नाही, तोतया ठरतो. ओळख पटणे ही या कलेची केवळ सांगता नव्हे, तिची अटच होय. अनोळखी माणसाविषयीचा संशय किती घातक ठरू शकतो हे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी दिसले. मुले पळविणारे समजून भिक्षेकरी भटक्या जमातीच्या ५ जणांना जमावाने तेथे ठार केले. ते बहुरूपी नव्हते. पण बहुरूप्याला ज्या विश्वासावर जगावे लागते तोच विश्वास तेथे तुटला होता.

भोकरदन आणि पैठण १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होती, आणि पैठणच्या एकनाथांनी भारुडात हाच करार वाङ्मयात आणला. जोगी, वासुदेव, मुरळी, आंधळा अशी कितीतरी सोंगे नाथ घेतात. मात्र शेवटी ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा उमटते आणि सोंगामागचा कवी स्वतःच्या नावाने पुढे येतो. ती केवळ कर्तृत्वाची खूण मानणे अपुरे आहे. ऐकणाऱ्याला दिलेला तो कबुलीजबाब आहे.

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकाने नेमका हा कबुलीजबाबच नाकारला, आणि त्यातून मराठी रंगभूमीला एक अपूर्व नाट्यविषय लाभला. प्रभाकर पणशीकर यांनी त्यात लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज अशा पाच भूमिका केल्या. पण पात्रे पाच आहेत काय? माणूस एकच आहे. पाच आहेत ती त्याची सोंगे. न्यायालयात उभा असलेला लखोबा आपण निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, एवढेच आपले एक पात्र, असा दावा करीत राहतो. साक्षीदार अनेकत्व सिद्ध करू पाहतात. आरोपी एकत्वाला चिकटून बसतो. पणशीकरांपुढचा पेच यामुळे दुहेरी होता. रंगमंचावरील माणसे फसावीत इतके वेगळेपण, आणि प्रेक्षकाला ओळखता यावे इतके साम्य, दोन्ही एकाच वेळी साधावयाचे. फिरत्या रंगमंचाने वेशांतराची सोय केली हे खरे. स्वराची व चालीची तडजोड मात्र नटालाच करावी लागली. प्रेक्षक हसतो तो लखोबाच्या धिटाईला, पण त्या हास्यात थोडे साहचर्याचे पापही असते. बहुरूप्याच्या हास्यात ते नसते.

हाच प्रश्न आज संगणकावरील ऑनलाइन भूमिका-खेळांत पुन्हा उभा राहिला आहे, ही गोष्ट नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. तेथे कोणी एकच पात्र वर्षानुवर्षे वाढवितो, कोणी एकाच खात्यावर अनेक पात्रे बाळगतो. एकनिष्ठाला खोली मिळते आणि बहुरूप्याला विस्तार, असा सोपा निवाडा केला जातो. तो टिकत नाही. अनेक पात्रे ही एका खेळाडूची आहेत हे इतरांना ठाऊक असेल तर तो खेळ भारुडाच्या वळणाचा. ते लपवून आपलीच दोन पात्रे एकमेकांच्या बाजूने बोलू लागली, की तेथे लखोबा अवतरला.

आता पुन्हा ‘वऱ्हाड’कडे. शीर्षकातील वऱ्हाड लग्नाचे, प्रांताचे नव्हे. तरी बुलढाण्याला लागून असलेल्या भोकरदनकडच्या श्रोत्याला या शब्दाचे दोन्ही अर्थ कानात वाजल्यावाचून राहत नसावेत. प्रयोग सुमारे तीन तासांचा. भागाकार केला तर प्रत्येक पात्राच्या वाट्याला साडेतीन मिनिटेही येत नाहीत. एवढ्या अवधीत स्वभावरेखन होत नाही, व्हावयाचेही नव्हते. स्वर, मान, हात यांच्या एका लकबीवर पात्र उभे राहते आणि ओसरते. त्यातील कित्येक रेखा व्यंगचित्रापलीकडे जात नाहीत, हा आक्षेप मान्य करावा लागेल. मात्र या प्रयोगात अखंड उभे राहते ते एकच पात्र, आणि ते म्हणजे मराठवाड्यातील गाव. मराठवाडी बोली हा त्याचा देह. ग्रामीण माणूस विमानात बसतो तेव्हा हसू येते, पण त्याला हसणारा निवेदक त्याच्याच बोलीत वाढलेला असल्याने ते हसू उपहासाकडे झुकत नाही. नागर नटाने हीच ५२ पात्रे केली असती, तर ती ५२ नकला झाल्या असत्या.

नेपथ्य नाही, मंडळी नाहीत, वेशांतर नाही. फिरता रंगमंच जेथे न्यावयाचा म्हणजे मालमोटारी हव्यात, तेथे हा प्रयोग एका माणसाच्या पायांनी पोहोचू शकतो. तालुक्याच्या गावांच्या दृष्टीने एकनटी रंगभूमीचे महत्त्व येथे आहे, आकड्यात नाही. देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापक होते. संहिता, दिग्दर्शन व अभिनय तिन्ही त्यांचेच. त्यामुळे हा त्यांचा वैयक्तिक हातखंडा असून त्यांच्याबरोबरच संपेल, असे मानण्यास जागा होती. त्यांच्या पश्चात संदीप पाठक यांनी हा प्रयोग रंगमंचावर चालू ठेवला. देह बदलला, आवाज बदलला, आणि गाव तेच राहिले.