बोरूचे कौतुक आणि आमचा अंगठा

दिवाळी अंकांतून अलीकडे एका प्रकारचा ललित लेख हमखास वाचायला मिळतो. लेखकाला संगणकाचा कंटाळा येतो. मग आजोबांची दौत, टाक, टीपकागद, शाईचा वास आठवतो आणि हाताने लिहिलेले तेच खरे लेखन असा निष्कर्ष निघतो. या लेखांतले सगळेच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. तिरपा कत दिलेला बोरू अक्षराला जाडबारीक वळण देतो, हात सावकाश चालतो आणि विचारालाही दम धरावा लागतो.

प्रश्न असा, की ही दौत कोणाच्या घरातली? माझ्या आजोबांच्या घरात दौत नव्हती. शाई आमच्याकडे आधी अंगठ्याला लागली, तीही वाचता न येणाऱ्या कागदावर. बोटांना ती माझ्या पिढीत लागली. लेखणीच्या बळावर अडाणी कुळाला कसे नाडले जाते, हे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 साली मांडलेच आहे. हा इतिहास वगळून केलेले बोरूचे स्मरणरंजन, ज्यांना लेखणी वारशाने मिळाली त्यांनाच परवडते.

मग साधनच नाकारायचे काय? मुळीच नाही. बोरूच्याच त्या काळात, 1855 साली, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. बाबासाहेबांना फाउंटन पेनांचा मोठा शौक होता. पण त्यांच्या अखेरच्या वर्षांत त्यांची हस्तलिखिते नानकचंद रत्तू टंकलिखित करीत. लेखणी आणि यंत्र तिथे एकाच कामाला जुंपलेली होती.

माझ्याजवळही एक शाईचे पेन आहे. मी दहावी पास झालो तेव्हा आईने मजुरीच्या पैशांतून घेऊन दिलेले. त्याचा मोह मलाही सुटत नाही. मात्र त्यात गेलेल्या दिवसांची हुरहूर नाही. घरात पहिल्यांदाच आलेल्या हक्काचा आनंद आहे.

माझी एक विद्यार्थिनी मोबाइलवर कविता लिहिते. एका खोलीत सहा माणसे; वही कोणाच्याही हाती लागते, मोबाइलला कुलूप घालता येते. तिच्या कवितेत हाताचा स्पर्श नाही असे म्हणणारा समीक्षक साधनाची पूजा करतो आहे, कविता त्याने वाचलेलीच नाही. ज्या साधनाने आजवर गप्प असलेले माणूस बोलू लागते, ते आमचे साधन. मग तो बोरू असो की मोबाइल.